अंगरख्याचं माप

तुम्ही बसमधून उतरता, खांद्यावरची बॅग सावरत रिक्षा शोधता आणि चालता चालता अंगठ्यानं एक शब्द टाईप करता : 'पोचले.' तुमच्यासाठी ते तीन सेकंदांचं काम असतं. तो शब्द येईपर्यंत इकडे घरात काय चाललेलं असतं, ते तुम्हाला सहसा कुणी सांगत नाही. मी सांगते, कारण मी इकडची आहे.

मी धारूरला राहते. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात वसलेलं तालुक्याचं गाव. गावाला जुना किल्ला आहे, म्हणून लोक अजूनही 'किल्ले धारूर' म्हणतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आमचे हे एका दुकानाचे हिशेब सांभाळतात. घरात सासूबाई, दहावीतला मुलगा आणि आता फक्त सुट्टीत दिसणारी थोरली लेक. आम्ही ख्रिस्ती. आसपास आमच्या ओळखीची ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे रविवारची उपासना आळीपाळीनं एकमेकांच्या घरी होते. सतरंजी घालायची, पेटी काढायची, जमतील तितक्यांनी गायचं. पाळकसाहेब महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. नाताळ मात्र बहुतेक वेळा जालन्याला, माझ्या माहेरी.

लेक बारावीनंतर पुण्याला गेली, त्याला आता दोन वर्षं झाली. तिला पहिल्यांदा सोडायला आम्ही दोघंही गेलो होतो. वसतिगृहाची खोली पाहिली, कुलूप घेतलं, बादली घेतली, मेसवाल्या मावशींना भेटलो. परतीच्या प्रवासात आम्ही दोघं फारसं बोललो नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "व्यवस्थित सोडली ना?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "मग आता देवावर सोड आणि जेवून घे."

देवावर सोड. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शेजारच्या घरात ते पांडुरंगाचं नाव घेऊन म्हणतात, आमच्याकडे प्रभूचं नाव घेऊन, पण वाक्य तेच. सोपं वाटतं ते वाक्य. पण सोडायचं म्हणजे हातानं नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. लेकरू चार वर्षांचं असतं तेव्हा या वाक्याचा अर्थ सोपा असतो : ताप आला की दवाखान्यात न्यायचं, औषध द्यायचं, कपाळावर पट्टी ठेवायची आणि उरलेलं देवावर सोडायचं. म्हणजे नव्वद टक्के आपल्या हातात असतं आणि दहा टक्के त्याच्या. लेकरू अठरा वर्षांचं झालं की हे प्रमाण उलटं होतं, आणि आईबापांचा विश्वास खरा किती होता ते तेव्हा कळतं.

ख्रिस्ती घरात संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना असते. आमच्याकडे दिवेलागणीनंतर, जेवणाआधी. एक अध्याय वाचायचा आणि मग प्रत्येकानं प्रार्थना करायची. लेक गेल्यापासून आमच्या ह्यांची प्रार्थना लांबत चालली. प्रभू, तिला रस्त्यावर सांभाळ, तिच्या गाडीवर बसू नये अशा मुलाच्या गाडीवर तिला बसू देऊ नकोस, तिच्या मैत्रिणी चांगल्या असू देत, रात्री नऊच्या आत तिला खोलीवर आण. धाकटा एक दिवस डोळे मिटूनच म्हणाला, "पप्पा, तुम्ही देवाला सीसीटीव्ही लावायला सांगताय." सासूबाई हसल्या. ह्यांना राग आला, पण तो बोलला त्यात तथ्य होतं. काळजीनं भरलेली प्रार्थना हळूहळू सूचनांची यादी होते. आपल्याला जे करता येत नाही ते देवानं आपल्या वतीनं, आपल्या पद्धतीनं करावं, असं आपण त्याला सांगत राहतो. त्यात विश्वास कमी आणि मुखत्यारपत्र जास्त असतं.

हे सगळं चालू असताना गेल्या वर्षी पावसाळ्यात तिचा फोन आला. रविवार होता. आमची उपासना नुकतीच संपली होती, लोक चहा पीत होते. ती म्हणाली, "आई, तू एकटी आहेस का? एक सांगायचंय." मी स्वयंपाकघरात गेले. अशा वेळी आईच्या मनात काय काय येऊन जातं, ते लिहीत नाही. तुम्हाला अंदाज आहेच.

ती म्हणाली, "मी चर्चला जात नाहीये. पाच महिने झाले. तू दर रविवारी विचारतेस आणि मी विषय बदलते. मला खोटं बोलायचं नाही म्हणून सांगतेय."

मी विचारलं, "वेळ मिळत नाही का?"

"वेळ आहे. पण मला आतून काही वाटत नाही. मी तिथे बसते आणि मला वाटतं, मी तुमच्यासाठी बसलेय. देव आहे की नाही, हेच मला नीट माहीत नाही आता."

मी म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

एवढंच बोलणं झालं. पुढे तुम्ही कधी आईबापांना अशी एखादी मोठी गोष्ट सांगितलीत आणि त्यांनी विचारलं, जेवलास का, तर त्याचा अर्थ त्यांना कळलं नाही असा घेऊ नका. त्यांना कळलेलं असतं. जे कळलं ते कुठे ठेवायचं, हे ठरेपर्यंत हातात काहीतरी लागतं. आमच्या पिढीच्या हाताला तेव्हा ताटच लागतं.

रात्री ह्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "लूकच्या शुभवर्तमानातला उधळा पुत्र." मी म्हणाले, तो बापाकडून वाटा मागून घेऊन गेला आणि सगळं उडवून बसला. आपली पोरगी मेसचा हिशेब पाठवते. तिनं काहीच उधळलेलं नाही. तिनं फक्त खरं सांगितलंय.

पण त्यांची भीती मला समजत होती. शहरात, मोठ्या मंडळीत एक मुलगी यायची बंद झाली तर बाक रिकामा दिसत नाही. आमच्याकडे सतरंजीवर दिसतं. इथे आम्ही इतके थोडे आहोत की एक जण कमी झाला तर गाण्याचा आवाज बदलतो. पेटी ती वाजवायची. तिच्या जागी आता धाकटा वाजवतो, त्याला तीनच गाणी येतात. अल्पसंख्य घरातल्या आईबापांची काळजी दुहेरी असते. लेकरू सुखरूप राहावं ही एक आणि लेकरू आपलं राहावं ही दुसरी. पहिली काळजी सगळे आईबाप करतात. दुसरीबद्दल आम्ही मोठ्यानं बोलत नाही.

त्या आठवड्यात मला सारखं जालना आठवत होतं. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला नारायण शेषाद्री हे नाव ठाऊक असतं. मूळचे ब्राह्मण कुटुंबातले, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते जालन्याकडे आले आणि तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची वस्ती उभी केली. तिथे आलेली बरीच माणसं गावकुसाबाहेरची होती. आमच्या माहेरची वंशावळ तिथूनच सुरू होते. लहानपणी नाताळच्या दिवसांत आजोबा ही गोष्ट सांगायचे, तेव्हा ती शौर्याची गोष्ट होती. एक माणूस सत्यासाठी घर सोडतो, मग दुसरा सोडतो, मग तिसरा.

त्याच गोष्टीतला एक धागा आजोबा घाईनं उरकायचे. नारायण शेषाद्रींना एक धाकटा भाऊ होता, श्रीपत. वय साधारण बारा वर्षं. थोरल्यापाठोपाठ तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयानं मूल अजाण आहे म्हणून त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण प्रकरण तिथे संपलं नाही. मुलगा मिशनऱ्यांकडे राहिला, जेवला, म्हणजे बाटला. आता त्याला जातीत परत घ्यायचं की नाही, यावर मोठा वाद पेटला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं या बाजूनं उभे राहिले. सनातनी मंडळी विरोधात गेली आणि बाळशास्त्रींना त्याचा त्रास सोसावा लागला.

ही हकिकत मी अनेकदा ऐकली होती. पण लेकीच्या फोननंतर ती पहिल्यांदाच त्या वडिलांच्या जागेवरून दिसली. ज्या माणसाचा थोरला गेला आहे आणि धाकटा कोर्टातून ओढून आणावा लागला आहे, तो त्या रात्री झोपला असेल का? आमच्या गोष्टीत तो विरोधक होता, अडथळा होता. तो कुणाचा तरी बाप होता, आणि त्याचाही देवावर विश्वास होता. त्या रात्री त्यानंही कुणीतरी म्हटलेलं ऐकलं असेल : देवावर सोड.

आणि आमच्या घरातही अशीच एक बाई आहे. बेथेलला आलेल्या आमच्या पूर्वजाचं नाव वंशावळीत पहिलं आहे. तो कुठल्याशा गावातून आला, एवढं ठाऊक आहे. तो निघाला तेव्हा दारात उभ्या असलेल्या त्याच्या आईचं नाव कुणालाच ठाऊक नाही. वंशावळ त्याच्यापासून सुरू होते, ती त्याच्या आधी संपते. तिचा मुलगा तिचा देव, तिची जत्रा, तिचं ताट सोडून गेला, म्हणून मी आज ज्या देवाची प्रार्थना करते त्याची करते.

हे एकदा लक्षात आल्यावर माझ्या हातातली एक मोठी तक्रार गळून पडली. महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचा पाया कुणीतरी आईबापांचं न ऐकल्यानं घातला गेला आहे. पूर्वजांनी स्वतःच्या मनाला विचारून वाट बदलली, याचा आम्ही दर नाताळला अभिमान सांगतो. मग माझी मुलगी स्वतःच्या मनाला प्रश्न विचारते, तेव्हा तो अभिमान कुठे जातो? तिनं प्रश्न विचारू नयेत असं म्हणायचं, तर आधी आजोबांची गोष्ट पुसावी लागेल.

मी ह्यांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांनी देवाला शोधण्यासाठी घर सोडलं. ही देवाला सोडतेय." मी म्हणाले, श्रीपतच्या वडिलांनाही नेमकं असंच वाटलं असणार. त्यावर ते काही बोलले नाहीत. पटलं म्हणून गप्प बसले की पटलं नाही म्हणून, ते मी विचारलं नाही.

तुम्ही शाळेत लक्ष्मीबाई टिळकांचा एखादा धडा वाचला असेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो धक्का होता, आणि पुढची काही वर्षं नवराबायको वेगळे राहिले. मग त्या टिळकांकडे आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळंओवळं पाळत, आपला स्वयंपाक वेगळा करत त्या राहिल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळी. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण त्यांच्या विनोदाला हसतो. मला आता त्यातली पाच वर्षं दिसतात. पाच वर्षं एका घरातली दोन माणसं देवाच्या बाबतीत वेगळ्या जागी उभी होती आणि तरी नातं तुटलं नाही. ज्या बाईनं पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण करायला घेतलं, ती त्या पाच वर्षांत 'अजून विश्वासात न आलेली' होती. घाई केली असती तर काय झालं असतं, कोण जाणे.

पंडिता रमाबाईंची कथा याहून अवघड आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. तिचाही बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई अमेरिकेत काम करत असताना मनोरमा काही काळ वाँटेजच्या सिस्टरांजवळ वाढली. तिथल्या सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांचा पत्रव्यवहार आज छापलेला मिळतो. त्यात दोघींचा एक वाद सतत चालू आहे. चर्च सांगेल ते सगळं मान्य करायला रमाबाई तयार नाहीत. मी माझ्या विवेकानं ख्रिस्ताकडे आले, माझ्या विवेकावर दुसऱ्या कुणाचा ताबा नको, हा त्यांचा मुद्दा. आणि मुलीला कसं वाढवायचं, कोणती शिकवण द्यायची, यावरही ओढाताण आहे. दोन बायका, दोघींचं त्या मुलीवर प्रेम आहे, दोघी देवाचं नाव घेतात, आणि मध्ये एक लहान मुलगी.

ती मुलगी मोठी झाली, इंग्लंड-अमेरिकेत शिकली, परत आली, केडगावला मुक्ती मिशनमध्ये आईच्या बरोबरीनं काम केलं आणि गुलबर्ग्याला शाळा काढली. रमाबाईंनी तिच्या हाती सगळं सोपवायचं ठरवलं असताना १९२१ साली मनोरमा गेली. वय चाळीस. त्यानंतर वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या.

हा शेवट मी मुद्दाम सांगते. कारण आमच्या उपदेशांत बऱ्याचदा गोष्ट 'विश्वास ठेवला आणि सगळं चांगलं झालं' अशी संपते. तसं झालं तर आनंदच आहे. पण देवावरचा विश्वास म्हणजे विम्याचा हप्ता नव्हे. हप्ता भरला म्हणून लेकरू सुखरूप राहील, रविवारी चर्चला जाईल, आपल्याच माणसांत लग्न करेल, अशी पावती कुणी देत नाही. पावती मागणं हाच विश्वास नसल्याचा पुरावा आहे. रमाबाईंइतका विश्वास असलेल्या आईलाही ती पावती मिळाली नाही.

आता तुम्हाला वाटेल, हे सगळं पुस्तकातलं झालं. धारूरमध्ये विश्वास आणि अविश्वास यांचा हिशेब रोज डोळ्यांसमोर मांडलेला असतो.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली गावं रिकामी होतात. ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत थांबता येत नाही. मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि काही लेकरं. माझ्या वर्गातली पटावरची निम्मी नावं त्या महिन्यांत नुसती नावं असतात. माझी लेक शिकायला घर सोडून गेली. इथे आईबापच घर सोडून जातात आणि लेकरं मागे राहतात.

मागे राहिलेल्या मुलींचं काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पोरगी चौदा-पंधराची झाली, म्हातारीच्या भरवशावर सहा महिने कशी ठेवायची? फडावर न्यावी तर तिथे पालात आणखी भीती. मग सोपा उपाय म्हणजे लग्न. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं. बीड जिल्ह्यात ते त्याच्या जवळपास दुप्पट होतं. हे आईबाप दुष्ट नाहीत. त्यांचं पोरीवर प्रेम आहे आणि त्यांना भीती वाटते. प्रेम आणि भीती एकत्र आली की त्यातून पंधरा वर्षांची नवरी तयार होते.

आमच्या मागच्या गल्लीत अशीच एक जोडी राहते. त्यांची मोठी मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, तेव्हा नववीत होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिची आई माझ्या दारात आली. पदरात दहा-बारा सीताफळं होती.

"बाई, सगळे म्हणायलेत, लगीन लावून टाक अन् मोकळी हो. मी म्हणले, पोरगी शिकू द्या. पण जीव धीर धरत नाही. तुम्ही जरा ध्यान ठेवा."

मी हो म्हणाले. मग ती म्हणाली, "तुमची पोरगी तर पुण्याला. तुमचा जीव कसा राहतोय?"

मी म्हणाले, "तिथल्या कुणीतरी हो म्हटलं असेल, म्हणून राहतोय."

तोंडातून सहज निघालं ते, पण नंतर मला त्यावर विचार करावा लागला. मी लेकीला देवावर सोडली, असं म्हणते. प्रत्यक्षात ती कुणाकुणावर सोडलेली आहे? मेसच्या मावशींवर. रात्री शेवटच्या बसमध्ये असलेल्या कंडक्टरवर. तिला ताप आला तेव्हा रात्रभर जागलेल्या तिच्या खोलीतल्या मैत्रिणीवर; ती मैत्रीण नमाज पढते, आणि तिच्या आईचं नाव आता आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत असतं. देव आकाशातून हात खाली घालून सांभाळत असेलही. पण मला दिसलेला त्याचा हात प्रत्येक वेळी कुठल्या तरी परक्या माणसाचा होता. आणि कुणाच्या तरी लेकीसाठी तो परका माणूस मी आहे. त्या वर्षी मागच्या गल्लीतली ती मुलगी रोज संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला यायची. एप्रिलमध्ये तिचे आईबाप परत आले. ती दहावीत गेली.

म्हणून 'देवावर सोड' या वाक्याचा मला लागलेला पहिला अर्थ हा : दुसऱ्याच्या लेकराकडे लक्ष ठेव. आपल्या लेकराच्या खोलीत इथून डोकावत बसण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे.

दुसरा अर्थ बायबलमधल्या दोन आयांनी दिला. एक मरिया. येशू बारा वर्षांचा असताना सगळे सणासाठी यरुशलेमला गेले. परतताना आईबापांना वाटलं, तो सोबतच्या लोकांत असेल. एक दिवसाची वाट चालून झाल्यावर कळलं, तो नाही. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला, शिक्षकांमध्ये बसून प्रश्न विचारत. उपदेशात आम्ही येशूच्या हुशारीवर बोलतो. मला हल्ली 'प्रश्न विचारत' हे शब्द थांबवतात. हरवलेलं मूल सापडलं ते प्रश्न विचारताना सापडलं. आणि त्यानं दिलेलं उत्तर आईबापांना कळलं नाही, असंही तिथे स्पष्ट लिहिलं आहे. मरियेनं ते नुसतं मनात जपून ठेवलं. न कळलेलं उत्तर मनात ठेवता येतं, हे मी तिच्याकडून शिकले.

दुसरी हन्ना. मूल व्हावं म्हणून तिनं नवस केला होता, की मुलगा झाला तर तो देवालाच देईन. शमुवेल झाला. दूध तुटल्यावर तिनं त्याला मंदिरात एली याजकाकडे नेऊन सोडलं आणि ती घरी आली. पुढे एक छोटीशी नोंद आहे, पटकन नजरेतून निसटणारी : ती दर वर्षी त्याच्यासाठी एक लहानसा अंगरखा शिवून घेऊन जायची.

शिवणकाम करणाऱ्या बाईला यात एक अडचण लगेच दिसेल. माप कुठून आणायचं? मूल डोळ्यांआड वाढतंय. मागच्या वर्षी पाहिलं तेव्हा खांद्यापर्यंत होतं, आता कुठपर्यंत आलं असेल? आईनं अंदाज करायचा. मागचंच माप धरून शिवलं तर अंगरखा अंगात जाणार नाही. आपल्याला आठवतं ते मूल आणि तिकडे वाढलेलं मूल यांत एका वर्षाचं अंतर आहे, हे मान्य करूनच कापडावर कात्री चालवावी लागते. हन्नाच्या विश्वासाबद्दल बोलताना लोक तिचा नवस सांगतात. मला तिचा विश्वास त्या अंगरख्यात जास्त दिसतो. मूल देऊन टाकलं म्हणून तिनं हात झटकले नाहीत, आणि शिवते म्हणून त्याला परत मागितलंही नाही.

आमच्या घरात त्यानंतर मोठे चमत्कार झाले नाहीत. लेक अजून चर्चला जात नाही. मी रविवारी तो प्रश्न विचारत नाही. मोबाईलवर वचनं पाठवायची नाहीत, असं आम्ही दोघांनी ठरवलं. ह्यांना ते फार जड गेलं. ह्यांची संध्याकाळची प्रार्थना आता आखूड झाली आहे. गाडी, मैत्रिणी, नऊ वाजता, हे सगळं गळून आता फक्त तिचं नाव घेतात आणि थोडा वेळ थांबतात. त्या थांबण्यात काय असतं ते मला ठाऊक नाही, पण त्यांचा आवाज पूर्वीसारखा कापत नाही. सासूबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिनं देवाला सोडलं असेल. देवानं तिला सोडलं असं कुठं कुणी सांगितलंय?" आणि त्या नेहमीसारख्या झोपल्या.

नाताळला ती जालन्याला आली होती. चर्चमध्ये आमच्याबरोबर बसली. गाणी म्हणाली, प्रभुभोजनाच्या वेळी मात्र जागेवरच थांबली. पूर्वी मंडळीतल्या चार बायकांनी वळून पाहिलं असतं तर मला जागच्या जागी विरघळून जावंसं वाटलं असतं. त्या दिवशी मला वाटलं, ही मुलगी देवासमोर खोटं वागायला नकार देतेय. हे तिला कुणी शिकवलं? आम्हीच.

या वर्षीही मी तिच्यासाठी ड्रेस शिवायला घेतला आहे. कापड आणून ठेवलंय, निळं, बारीक फुलांचं. जुन्या ड्रेसवरून माप घेता आलं असतं, तो कपाटात आहे. पण हन्नाकडे फोन नव्हता. माझ्याकडे आहे. काल रात्री मी तिला मेसेज केला : खांद्याचं आणि बाह्यांचं आताचं माप टेप लावून पाठव, मी अंदाजानं कापत नाही.

तिनं मैत्रिणीकडून मोजून घेतलं आणि आकडे पाठवले. खांदा माझ्या अंदाजापेक्षा अर्धा इंच जास्त आहे.